कोंबड्यांना अजून घार वाटते

मे महिन्यात रत्नप्रभा येते चंद्रपूरहून,
पाटणपर्यंत एसटी, मग वडापची जीप पठारावर,
आणि उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य तेच :
"तुमच्याकडं हवा काय गं!"
हवा.
तीच तर विकलीय आम्ही.
म्हणजे जमीन विकली, मामंजींनी,
एकरी किती, ते आता घरात कुणी मोठ्यानं सांगत नाही.

सकाळी आठ ते नऊ परड्यात पात्यांची सावली फिरते.
दर फेरीला कोंबड्या अंग चोरतात,
पिल्लं पंखाखाली ओढतात.
बावीस वर्षं झाली चक्कीला,
किती कोंबड्या आल्या, किती रश्श्यात गेल्या,
पण घार ती घारच.
आज वारा नाही.
थांबल्या सावलीलाही वळसा घालून जातात.

रत्नी हसली. "आमच्याकडं ये म्हणावं त्यांना.
मी दोरीवर पांढरं काही वाळत घालत नाही.
ह्यांना कोळशाच्या पट्ट्यावर सव्वीस वर्षं झाली,
खोकला आला की म्हणतात, पगार बोलतोय.
पण बोलतो ना गं!
दोन पोरं शिकली त्या राखेवर.
तुझ्या चक्कीनं किती जण कामाला लावले?"

"एक वॉचमन," मी म्हटलं, "तोही खालच्या गावचा."

"आणि वारा सुटतो कधी? आषाढात.
मोटारी बंद, धरणं भरलेली.
मेमध्ये बघ, कशा उभ्यात,
मानपानावरून रुसलेल्या विहिणी!"

इथं मला राग आला.
माझ्या पठाराला मी नावं ठेवीन,
तिनं का ठेवावीत?
"राख तर खात नाही आम्ही."
"आणि गिअरचं तेल गळतं, ते काय तूप?
ओढ्यात मोडकं पातं पडलंय, ते कधी उचलणार?"

ते खरंय. कुजत नाही, गंजत नाही.
शेळ्या त्यावर बसून रवंथ करतात.

आई लसूण सोलत होती.
तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे,
उंबऱ्यासकट.
तिनं एवढंच विचारलं, "चटणीत मीठ घातलंत का?"

मिक्सर फिरता फिरता थांबला. पंखाही.
"गेला तुझा वारा."
"गेला तुझा कोळसा."
आईनं न बोलता पाटा धुतला.
मग दोघी आळीपाळीनं वाटत बसलो,
वरवंटा जिच्या हातात ती गप्प,
रिकामी असेल ती भांडणार.
चटणी भरड झाली, पण झाली.

रात्री दीडला लाईट आली
आणि बटण चालूच राहिलेला मिक्सर
अंधाऱ्या स्वयंपाकघरात एकटाच किंचाळला.
रत्नी धडपडत गेली, बंद केला.
येऊन पडली. बऱ्याच वेळानं म्हणाली,
"कुठली असंल गं ही?"
"काय?"
"काही नाही. झोप."

बाहेर डालग्याखाली कुजबुज चालली होती.
मी बॅटरी घेऊन उठले, डालगं उचललं, मोजलं.
सगळ्या होत्या.