न फोडलेली पाकिटं

एकतीस वर्षं मी या स्पर्धेची चिटणीस.
काम सोपं आहे : कविता टोपणनावाने येते,
खरं नाव वेगळ्या पाकिटात, डिंक लावून बंद.
फक्त जिंकणाऱ्याचं पाकीट फोडायचं,
बाकीची चॅपेलमागच्या शेगडीत.
नियम आजोबांच्या पिढीने केलेत,
आणि वेल्समधल्या एवढ्याशा गावात
नियम म्हणजे जवळजवळ हवामान.

बक्षीस म्हणजे खुर्ची. ओकच्या लाकडाची,
सुतार एमलिन ती हिवाळाभर घडवतो.
निकालाच्या रात्री दिवे मालवतात,
परीक्षक टोपणनाव पुकारतात,
आणि अंधारात कोणीतरी एकाने उभं राहायचं असतं.
एकदा खाटीक ग्वर्विल उभा राहिला
रबरी बुटांसकट.
त्याच्या बायकोने विचारलं, "कुठे निघालास?"

मग कविता गावच्या मासिकात छापून येते.
तेही मीच जुळवते.
एका बाजूला ट्रॅक्टर विकणे आहे,
दुसऱ्या बाजूला कोणाची तरी हरवलेली मेंढी.

पण सांगायचंय ते वेगळंच.

दरवर्षी एक कविता टाइपरायटरवरची यायची.
त्याच्या डब्ल्यूचा एक पाय मोडका,
आणि आमच्या भाषेत तर डब्ल्यू शब्दाशब्दात,
त्यामुळे सगळी कविताच लंगडत यायची,
दुधाची बरणी घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखी.
टोपणनाव दरवर्षी नवा पक्षी :
टिटवी, धोबी, खंड्या, घार,
एका वर्षी नुसतंच 'अंड्यातला'.
ती कधीच जिंकली नाही.
परीक्षक म्हणायचे, प्रामाणिक आहे, पण वृत्त ढिलं.
एकाने समासात लिहिलं, "पुन्हा गाय?"

मी शेगडीत टाकायचे. खरंच टाकायचे.
एक सोडून. घुबडाची. पाकिटासकट.
का ते विचारू नका, त्या दिवशी लाकडं ओली होती.

तीन वर्षांपूर्वी पक्षी आला नाही.
नंतरही नाही.
त्या हिवाळ्यात कोण कोण गेलं ते मी वहीत पाहिलं :
पोस्टातली मोर्वेना, दूधगाडीवाला इद्रिस,
शाळेत भांडी घासणारी बेथान,
गोर्स फार्मचे दोघे भाऊ, एकाच आठवड्यात.
यातल्या कोणाच्याच घरी मी टाइपरायटर पाहिला नव्हता.
पण कोणाच्या घरात आपण
स्वयंपाकघरापलीकडे गेलेलो असतो?

यंदा परीक्षकांनी जाहीर केलं,
खुर्चीच्या लायकीचं कोणीच नाही.
एमलिनने ती पाठीवर घेऊन परत नेली.
"बसायला बरी आहे," एवढंच म्हणाला.
मासिकात अर्धं पान मोकळं राहिलं.
मी तिथे घुबड बसवलं. अर्थात गाय :

"फाटक उघडं राहिलं तरी ती गेली नाही.
जाण्यासारखं कुठे आहे, हे तिने मला विचारलं नाही.
मला माहीत असतं
तर मीच नसतो का गेलो."

सोमवारी दुकानात मोर्वेनाची मुलगी म्हणाली,
"आईची ना? मला माहीत होतं."
'गेलो' आहे गं, असं माझ्या ओठावर आलं होतं.
मंगळवारी इद्रिसचा पुतण्या, डोळे पुसत.
गोर्स फार्मच्या सुनेला गायीचं नावसुद्धा आठवत होतं,
आणि फाटक कोणी उघडं टाकलं तेही.
बेथानचा नवरा काही बोलला नाही.
तीन अंक घेतले, सुटे पैसे मोजून दिले,
आणि दारातून मागे फिरून चौथा घेतला.

मी कोणालाच नाही म्हटलं नाही.

पाकीट माझ्या शब्दकोशाखाली आहे.
डिंक इतका जुना, की एक कोपरा आपोआप सुटलाय.
काल पाहिलं, तेव्हा आणखी जरासा.
शब्दकोशावर आता मी इस्त्री ठेवली आहे,
आजीची, लोखंडी,
कोळशाची.