चौथा चौकोन

पाचपावलीच्या मैदानावर नवतप्यातही
पहाटे पाचला चुन्याची रेघ ताजी असायची.
गजभिये मॅडम पाणीपट्टी विभागात कारकून,
दहाला खुर्चीवर बसायच्या
तेव्हाही नखांत चुना.

मी सगळ्यांत वेगवान.
हे मला माहीत होतं, घोळ तोच.

उपांत्य सामन्यात समोर एकच पोरगी उरलेली.
चौथ्या चौकोनात सुकेशनी,
गुडघ्याला क्रेप बँडेज,
उठायला अर्धा क्षण उशीर करणारी.
मी तिला खो दिला नाही.
सहाव्यात फिरदौसलाही नाही.
खांबाला वळसा, पुन्हा खांबाला वळसा,
घशात तापलेलं पितळ,
आणि शिट्टी.
एका गुणानं.

परतताना कोणी बोललं नाही.
मॅडमनी कॉटन मार्केटला उतरवून तर्री पोहा खिलवला,
दहाच्या नोटा दोनदा मोजल्या.
माझ्या प्लेटीत तर्री जास्तच.
एवढंच म्हणाल्या,
"तुले का वाटते, तू एकटीच धावून राह्यली होती?"

दुसऱ्या दिवसापासून मला चौथ्यात बसवलं.
आठवडाभर.
डोळ्यांवर फिरदौसची ओढणी,
बोटं मातीला टेकलेली.

अंधारात पावलं येतात.
फिरदौस डावा पाय खरडत येते,
रोशनी उईके नाकानं श्वास ओढते,
सुकेशनीच्या आधी तिचा गुडघा येतो, कटकन.
पाठ ताठ होते. आता. आता.
आणि पावलं
पुढच्या पाठीकडे निघून जातात.

सुकेशनीला हे किती वेळा झालं असेल?
मोजायला बसले.
मग सोडून दिलं.

शनिवारी कटकन झालं,
आणि दोन पात्यांच्या मधोमध
हात. बोटं नाहीत, आख्खा तळवा.
"खो!"
कडुनिंबावरचे कावळे उडाले एवढ्यानं.
ओढणी गळ्यात घसरली, मी सुटले होते,
आणि अर्धं अंतर
तिनं आधीच कापून आणलेलं.

पुढच्या वर्षीही हरलो. दोन गुणांनी.
फिरदौसचं लग्न झालं,
मॅडमची बदली झाली धंतोलीला.
मैदानावर आता भाजीबाजार, बुधवारी.

पण अजून,
इतवारीच्या गर्दीत कोणी पाठीला हात लावून म्हणालं,
"सरका ना जरा ताई,"
तर मी सरकत नाही.
आधी टाचा उचलल्या जातात.