साडेतीन बाय साडेचार

फतेगंजात, चर्चच्या मागच्या गल्लीत
एकतीस वर्षं मी चेहरे कापतो.
साडेतीन बाय साडेचार, मागे पांढरं,
दोन्ही कान दिसायला हवेत, दात नकोत.
चेहऱ्यांवरच पोट आहे माझं.

आणि तरी त्या मंगळवारी
जुमाचं पाकीट मी बाराकाला दिलं.

दोन तास रांगेत उभं राहून
खिडकीपाशी त्याने ते उघडलं तेव्हा आत जुमा.
आठ जुमा. एकही हसत नव्हता.

संध्याकाळी आला, काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले,
म्हणाला, "काका, हा मी नाही."
रागावला असता तर बरं झालं असतं.
मी चष्मा पुसत बसलो.
चष्म्याला काहीही झालं नव्हतं.

भाची शाल्मली युनिव्हर्सिटीत मेंदूचं शिकते.
तिला डोकी कमी पडत होती, मी माझं दिलं.
तारांची टोपी, केसांत गार चिकट जेल,
याहून मुंडावळ्या बऱ्या.
पडद्यावर चेहरे येत, डोळा लवायच्या आत जात.
"मामा, नुसतं बघ," पहिल्या फेरीला म्हणाली.
दुसरीला: "यातले हे सहा तुझे. उद्यापासून
यांच्याबरोबर काम आहे. चुकलास तर पैसे कापणार."

चेहरे तेच. काळे, गोरे, आपल्यातले गव्हाळ.
कागदावरची रेघ मात्र बदलली:
सेकंदाच्या सहाव्या वाट्यापाशी तिला एक खळगा पडतो,
तो पहिल्या फेरीत आपल्यांसाठी निराळा, परक्यांसाठी निराळा,
आणि दुसरीत त्या सहांसाठी सारखाच खोल,
कातडी कुठलीही असो.

म्हणजे मी बघायच्या आधी आत कुणीतरी बसलेलं असतं,
हा चेहरा वाचायचा की नुसता मोजायचा, ते ठरवत.
आणि त्याच्या कानाशी लागता येतं.
"एवढं सोपं नाही, मामा," शाल्मली म्हणाली,
"अजून चाळीस डोकी व्हायचीत."

बाराकाला शेव-उसळ खायला नेलं, भरपाई म्हणून.
तर्रीने त्याच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला,
"पहिल्या महिन्यात मी भाडं घरमालकाच्या शेजाऱ्याला दिलं.
तुम्ही सगळे मिशीवाले."
मग ओळखायला कसा लागलास?
"परत द्यायला पैसे नव्हते, काका."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.
डोळे असतात.
मला कसली गरज होती इतकी वर्षं?
रोख पैसे, पांढरा पडदा, पुढचा.

आता जुमाच्या डाव्या भुवईतली खाच मला दिव्याआधी दिसते.
बाराका हसायच्या आधी नाकपुडी फुगवतो,
धाकट्या मेव्हण्यासारखी.
काल त्यांच्यातलाच एक नवा आला, म्वांझाचा.
दिवा लावायच्या आधी मी नाव विचारलं,
पाकिटावर लिहिलं.
चुकलं.
त्याने पेन मागून घेतलं.