पाचवी बाव

देवगडच्या वाटेवर, सड्याच्या कडेला
पेट्रोल पंप, आणि त्याच्या आवारात चार विहिरी.
कागदावर विहिरी.
खरं तर चार बोटं रुंदीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या,
जांभ्यात उभ्या गाडलेल्या,
वर लोखंडी झाकण, ट्रकचं चाक ओलांडून जाईल असं.
रहाट नाही, कठडा नाही,
कुणी कधी कळशी सोडलेली नाही.

दर तीन महिन्यांनी मी येतो.
बर्फाची पेटी, बाटल्या, पाना, टेप,
गुडघ्याखाली घालायला गोणपाट.

एक नंबर. बोल्ट खाऱ्या वाऱ्याने खाल्लेत,
तिनातला एकच फिरतो,
बाकीचे शपथ घेतल्यासारखे बसलेत.
ठोकलं, तेल सोडलं, वाट बघितली.
झाकणाखाली बेडूक,
भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूसारखा नजर चुकवणारा.
त्याला उचलून हवेच्या यंत्राजवळच्या कुंडीत ठेवला.
नळीच्या काठावर उत्तरेला एक खाच असते.
मोजायचं तिथूनच, दरवेळी तिथूनच,
नाहीतर पाणी हललं की आपण, ते कळत नाही.
अकरा मीटर बेचाळीस.
टेप किर्र वाजली,
खाली अंधारात कुणी "हजर" म्हणावं तशी.

दोन नंबरचं रबर कुजलेलं. बदललं.

तीन नंबर सापडेचना.
मालकांनी नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत, लाल आणि करडे,
"कसं झकास दिसतंय ना?"
नकाशा धरून डिझेलच्या यंत्रापासून पावलं मोजली,
नऊ, मग उजवीकडे अडीच,
आणि पहारीने ठोकत गेलो
कलिंगड वाजवून बघावं तसा.
हवा भरणारा मुबीन म्हणाला,
"साहेब, हितं आवाज वेगळा येतोय."
चार ब्लॉक उचलले. खाली झाकण,
झाकणावर सिमेंट, सिमेंटमध्ये बिडीचं थोटूक.
"हे रिपोर्टात लिहायलाच हवं का?" मालक म्हणाले.
चहा मागवला त्यांनी. प्यायलो.
लिहिलं.

दोरीने बेलर वर ओढला.
पारदर्शक नळीत पाणी, आणि पाण्यावर
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ
काहीतरी मोरपिशी, सावकाश फिरणारं.
मी ते उन्हाकडे धरलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ.
फॉर्मवर एवढंच आहे:
तवंग, होय किंवा नाही.

चार नंबर उताराकडे, कुंपणाला लागून.
साफ वाटलं. वाटलेलं नोंदवायचं नसतं.

कुंपणापलीकडे काजूची दोन झाडं,
त्यांच्याखाली जयवंती पराडकरांची बाव.
मघापासून त्या तिथे उभ्या होत्या.
"तू पाणी बघणारो मा? माझ्या बावीचा बघ जरा.
सुनेक वास येता. माका येणा नाय."
तांब्या पुढे केला.
मी वाकून हुंगला, मग पुन्हा हुंगला.
सकाळपासून माझे हातमोजे पेट्रोलचे,
गोणपाट पेट्रोलचं, श्वास पेट्रोलचा.
नाकाला काहीच कळेना,
आणि हे त्यांना कसं सांगायचं, तेही.
"प्रयोगशाळेत कळतं," म्हणालो.
"कधी?"
"पंधरा दिवस लागतात."
"तवसर काय पिवचा?"

फॉर्मवर चौकटी चारच.
पेटीत एक बाटली जास्तीची असते,
फुटली एखादी तर म्हणून.
त्यांच्याच कळशीने पाणी काढलं,
बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही,
उलटी करून बोटाने टिचकी मारून पाहिली,
चिठ्ठीवर लिहिलं: पाचवी.

पातळी घ्यायची, तर मोजायचं कुठून?
इथे उत्तरेची खाच कुणी करून ठेवलेली नाही.
जयवंतीबाईंनी हात धरून दाखवलं,
दोराने घासघासून जांभ्याच्या काठाला पडलेली घळ,
अंगठा बसेल एवढी खोल.
"हयसून," म्हणाल्या.

टेप तिथे धरली.
सहा मीटर अठ्ठ्याऐंशीला ती किर्र वाजली
तशा त्या दचकून मागे सरल्या,
मग पदर सावरून, वाकून
आत बघत राहिल्या.