सतरा तास, दोन जेवणं

दोहा ते ऑकलंड:
साडेचौदा हजार किलोमीटर, वर थोडे.
आमच्या किचनमध्ये अंतर ट्रेमध्ये मोजतात.
मस्कत म्हणजे सँडविच.
मुंबई म्हणजे एक जेवण, घाईघाईचं.
ऑकलंड म्हणजे दोन जेवणं, मधे थोडा खाऊ,
आणि सतरा तास
कुणालाच खिडकी उघडता येत नाही.

एकोणीस वर्षं मी झाकणं लावतोय.
साच्यातला भात, चौकोनी.
भाजी साठ ग्रॅम, चुकली की काट्यावर लाल दिवा.
मीठ मात्र आम्ही सैल हाताने घालतो.
वर गेलं की जीभ बधिर होते म्हणे,
खारटसुद्धा अळणी लागतं.
मी वर्षातून एकदाच वर जातो,
तेव्हा भूक नसते.

काल रात्रीच्या यादीत स्पेशल ट्रे अठ्ठावीस.
मधुमेही सात, लहान मुलं अकरा, बाकीचे असेतसे,
आणि एक सी-फूड,
४१ के, चोगले दर्शना.
आडनाव आधी, शाळेच्या हजेरीसारखं.

ती मुंबईहून सव्वादहाला उतरली, दोनला निघणार होती.
पावणेचार तास माझी मुलगी या शहरात होती.
म्हणजे शहरात नव्हती, काचेच्या आत होती.
माझ्या टेबलापासून तिच्या गेटापर्यंत नऊशे मीटर.
ट्रकवाल्याला विचारून घेतलं.
नऊशे मीटरचं तिकीट कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.
हर्णैच्या बंदरात एवढ्या अंतरावरून
हाक मारली की होडीतला माणूस वळून बघायचा.

हमूरचा तुकडा मी बदलला नाही,
सगळे सारखेच होते.
फक्त काट्या-चमच्यांची पुडी
उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली.
ती डावखुरी.
लहानपणी जेवताना तिची आई त्या हातावर मारायची,
मी कधी अडवलं नाही,
मी इथे होतो.

सुपरवायझर बेनिग्नोने ट्रे पाहिला,
पुडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
आणि पुढचा ट्रे ओढला.

दोन वाजून दहा मिनिटांनी पत्रे थरथरले.
ते तिचंच विमान असेल असं काही नाही,
तिथून दर दोन मिनिटांनी एक उडतं.

सहाला सुटलो. खोलीवर आलो, चहा केला,
झोपलो, उठलो, दोन शर्ट धुतले,
ते गच्चीवर वाळले, इस्त्री झाली,
त्यातलाच एक घालून पुन्हा कामाच्या बसमध्ये बसलो,
ती अजून हवेतच.

सातच्या सुमाराला फोन वाजला.
पोचले पप्पा. इथे उद्याची पहाट आहे, थंडी आहे.
मासा बरा होता.
मीठ जरा जास्तच झालेलं.

चमच्याचं काही लिहिलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं, पुसलं,
परत लिहायला घेतलं.
तोवर बस फाटकापाशी आली
आणि फोन लॉकरमध्ये ठेवायची वेळ झाली.