पान एकशे त्रेचाळीस

नागपूरचा लेखक तीन दिवस राहून गेला,
माझ्याच ओट्यावर चहा प्यायला,
आणि दोन वर्षांनी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात
त्याची कादंबरी आली.
पहिल्याच पानावर : सत्य घटनेवर आधारित.

मी टेलर माणूस.
कानावरची पेन्सिल काढली अन्
माप घ्यायला बसलो.

गिरजा भोयरची यात मोहिनी झाली आहे.
असो. पण केस कमरेपर्यंत?
टायफॉइडनंतर कापले ते तिनं वाढवलेच नाहीत,
चक्कीच्या पट्ट्यात जातात म्हणायची.
अमावस्येची रात्र? मंगळवार होता, दुपारचे तीन,
पऱ्हाटीवर ऊन चरचरत होतं.
विळा नव्हे, पाना. जात्याचे नट आवळायचा.
तिचा दीर कविता करत नव्हता बापा,
अंगठा लावायचा.
शेवटी त्याला फाशी? संशयाचा फायदा मिळून सुटला,
गेल्या पोळ्याला सदरा शिवून नेला माझ्याकडून.
आणि समोरचा एकडोळ्या शिंपी म्हणजे मी :
दोन्ही शाबूत आहेत. डाव्यात मोतीबिंदू, तोही आत्ता.

समास भरत गेला. मजाही वाटली.
पोरं आता पाहुण्यांना फाट्यावरचा पिंपळ दाखवतात,
"अठीच मारलं मोहिनीले."
पुस्तकात उगवलेला पिंपळ, गावानं शोधून काढला.

मग पान एकशे त्रेचाळीस.
इथं त्यानं कल्पना लढवलीच नाही.
आर्वी कोर्टातली नक्कल काढून
काना-मात्रेसकट उतरवलं :
'चक्की सुरू असल्याने मला काही ऐकू आले नाही.'
खाली, साक्षीदार क्रमांक सात.

साऱ्या पुस्तकात एवढंच अस्सल,
शिक्क्याचं.

त्या मंगळवारी लाइन दोनला गेली ती सहाला आली.
भारनियमनाच्या वेळा चक्कीच्या दारावरच होत्या,
तिच्या अक्षरात, खडूनं.
चक्की बंद. रस्ता बंद. कुत्रं नाही.
माझं मशीन पायाचं, त्याला लाइन लागत नाही.
मी पाय चालवत राहिलो,
सुईत दोरा नव्हता तरी.

पुस्तक परत करायची तारीख उलटली.
धानोरकर मास्तर दोनदा दारावरून विचारून गेले,
"भाऊ, झालं काय वाचून?"

त्या पानाचा समास कोरा आहे.
पेन्सिलीला टोक काढतो.
पुन्हा काढतो.