दोन बोटं

डोमाजीचा गज सागाचा.
मधल्या खुणा हाताच्या घामानं पुसल्यात,
मुठीजवळ ‘डो’ कोरलेला, उलटा.
पणजोबाला लिहिता येत नव्हतं,
कुणाचं तरी बघून कोरला असणार.

परवा सिमेंटच्या गोण्या हलवताना सापडला.
सहज टेप लावला.
तीन फुटाला दोन बोटं कमी.

नांदोऱ्यात ही कुजबूज जुनीच.
मालगुजाराच्या गोठ्याला वर्ध्याहून आणलेली चौकट बसेना,
तेव्हापासूनची.
गवंडी माप खातो म्हणायचे लोक,
आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पिऊन.
आजोबा नथ्थूजी एकदा भरल्या ताटावरून उठले,
गज आड्यावर फेकला
आणि पुलगावहून लोखंडी टेप घेऊन आले.
त्याच आठवड्यात पाटी रंगवली:
नथ्थूजी डोमाजी आणि मुलगा, बांधकाम ठेकेदार.

मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता.
चुन्याच्या घाणीवर बैलामागं फिरायची ती मुलगी,
गुळाचं पाणी आणि बेलाचा गर घमेल्यात ओतायची.
तिचं नाव पाटीवर नव्हतं.

मग त्या मुलानं, म्हणजे माझ्या बापानं,
कवेलू उतरवले, स्लॅब टाकले.
काळ्या मातीनं त्याला दोनदा बुडवलं:
उन्हाळ्यात जमीन हातभर फाटते,
पावसाळ्यात फुगून पायवा उचलते,
आणि दोष गवंड्याच्या नावावर.
तेव्हापासून तो मुरूम लागेपर्यंत खोदतो,
पैसे मिळोत न मिळोत.
बहुतेक मिळत नाहीत.
घरकुलांचा तिसरा हप्ता अजून पंचायत समितीत आहे.
मे महिन्यात त्यानं रात्री दोनला उठून
लोकांच्या स्लॅबवर पाणी मारलं,
गोणपाट तासाभरात कोरडं व्हायचं.

मी गज घेऊन बेबीआत्याकडे गेलो.
तिच्या एका डोळ्यात फूल पडलंय.
तिनं काठी उलटी केली,
बोथट टोक तळहातावर घासलं,
हसली.
‘हे पाय. इकडून खाल्ला.
मुरूम खाते लाकडाले.
टेकव, उचल, टेकव, उचल,
माह्या टाचा नाई पायल्या तू?’
आणि खरंच पाय पुढं केले.

मी रात्रभर झोपलो नाही.
सकाळी वही घेऊन निघालो, डोमाजीनं बांधलेलं मोजत.
चावडीमागची विहीर: गजाला तीन फूट, पुरते.
मारुतीचा पार: सुताएवढं कमी.
मालगुजाराचा गोठा: अर्धं बोट.
सय्यदभाईचं दुकान: बोटभर, थोडं वर.
शेवटचं भास्कररावाचं घर, ज्यानंतर डोमाजी पडूनच राहिला,
तिथं दहा गजांची भिंत
सव्वा फूट आखूड.
कुणाचं घर आधी, कुणाचं नंतर,
तलाठ्याच्या दप्तरात नसेल एवढं
माझ्या वहीत लागलं.
सय्यदभाई विचारत होता, कर वाढणार का?

माप खाल्लं नव्हतं, वापरलं होतं.
हे नथ्थूजीला कुणी सांगितलं असतं
तर तो जेवला असता त्या दिवशी.
आत्याला तेव्हाही माहीत होतं.
तिला कुणी विचारलं नाही.

आता भास्कररावाच्या नातवाला
त्याच भिंतीला लागून खोली हवी आहे.
लेझर भिंतीवर लाल ठिपका टाकतो,
आकडा दाखवतो, झिजत नाही.
जुन्या भिंतीला नवी जुळेना.
मी मुकाट्यानं गज काढला.
गजाच्या हिशेबानं कोपरा बरोबर आला.

बापाला फोन लावला.
मागं मिक्सर फिरत होता.
‘बाबा, डोमाजीनं खाल्ली नव्हती दोन बोटं.’
बराच वेळ नुसती गिट्टी वाजत राहिली.
मग तो म्हणाला,
‘हं. आत्या म्हणायची तसं.’
आणि थोड्या वेळानं, नेहमीच्या आवाजात,
‘बिलात मात्र टेपचं माप लिही.
साहेब गजावर सही करत नाई.’